आण्णांच्या पोटातलं पाणी

पायजम्याची नाडी आण्णांना आखूड पडायला लागली, तेव्हा आम्ही गॅस समजून ओवा देत बसलो. हार्टचं पंपिंग ३० टक्के, पायांवर सूज नेहमीचीच. पण जेवण अर्ध्या भाकरीवर आलं आणि नऊ दिवसांत वजन ६१ वरून ६६ झालं. लघवीची गोळी रोज वेळेवर चालू होती, तरी लघवी कमीच.

दवाखान्यात क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) २.४ निघालं. याआधी १.३ होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "गोळीनंच किडनी बिघडली, बंदच करूया." त्यांनी मला शांतपणे बसवून समजावलं. आतड्यालाच सूज आली की गोळी रक्तात उतरायला वेळ लागतो, ती हवा तेवढा जोर धरत नाही. त्यात पोटातल्या पाण्याचा दाब किडनीच्या शिरांवर पडतो, रक्त तुंबतं, लघवी घटते आणि पाणी आणखी साठतं. म्हणजे औषध थांबवायचं नव्हतं, शिरेतून वाढवायचं होतं.

पोटातला दाब मोजतात हे मला तिथंच कळलं. लघवीच्या नळीतून मूत्राशयात २५ मिली सलाईन सोडतात आणि श्वास पूर्ण सोडल्यावर आकडा बघतात. त्यासाठी उताणं झोपावं लागतं, आणि आण्णा तर चार दिवस बसूनच झोपत होते. त्या दोन मिनिटांत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. आकडा आला १४. आयसीयूतल्या आजारी माणसाचाही साधारण ५ ते ७ असतो, निरोगी माणसाचा त्याहून कमी.

लासिक्सचं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन वाढवलं. उतार पडला नाही तर सुईनं पोटातलं पाणी काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. ती वेळ आली नाही. पहिल्याच दिवशी तीन लिटर लघवी झाली. रोज पोटॅशियम तपासत होते. पाचव्या दिवशी दाब ८, क्रिएटिनिन १.५, आणि आण्णांनी आपणहून भाकरी मागितली.

आता सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करतो. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, असं आम्हाला सांगितलंय. पांढरा रस्सा, पापड, लोणचं बंद केलं. पण आमच्या वर्षाच्या चटणीत कुटतानाच खडेमीठ पडतं, हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी आईनं डंकावर आण्णांपुरती किलोभर बिनमिठाची चटणी कुटून घेतली. ती टिकावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवतो.