अर्धा नंबर शिंप्याच्या डोक्यावर

मागच्या वर्षी लालबागच्या एका छोट्या मंडळाची स्मरणिका मी लावून दिली, म्हणजे अध्यक्षांचं मनोगत, देणगीदारांची यादी आणि बाकी सगळ्या जाहिराती, नेहमीचंच. त्यात एका काकूंची जाहिरात होती, उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे मिळतील, खाली मोबाईल. ओळ बरोबर ९८२०० वर संपायची आणि उरलेले पाच आकडे खाली जायचे. मी काय केलं, 'मो.'च्या आधी एंटर मारला, नंबर अख्खा खाली आला, प्रूफ पास.

रात्री अकराला सेक्रेटरीचा फोन, दादा अजून चार जाहिराती आल्यात, कशापण बसवा. मग पानाचे दोन कॉलमचे तीन केले, घाईत परत नीट बघितलं नाही आणि फाईल प्रेसला. छापून आल्यावर बघतो तर कॉलमच्या तळाला 'मो. ९८२००' आणि उरलेले पाच आकडे पुढच्या कॉलमच्या वर, तिथे एका शिंप्याची जाहिरात, त्याच्या नावाच्या डोक्यावर ते मुकुटासारखे बसलेले. काकू भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पैसे मी पूर्ण नंबरचे दिले होते रे." काय बोलणार.

तर मुद्दा असा की एंटर मारून ओळ आज नीट दिसते, पण कॉलम, फॉन्टचा साइज, काहीही हललं की परत बोंब. बांधायचा तो नंबर, ओळ नाही. वर्डमध्ये आकड्यांच्या मधे साधी स्पेस न देता कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्यायची, ही न तुटणारी स्पेस, पॅराग्राफच्या खुणा चालू केल्या की डिग्रीच्या चिन्हासारखी गोल टिकली दिसते. लँडलाईनला ०२२ नंतर डॅश असेल तर तो पण कंट्रोल-शिफ्ट-हायफनने द्यायचा, कारण साध्या हायफननंतर वर्ड खुशाल ओळ तोडतो. इनडिझाईनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नंबर सिलेक्ट करून कॅरेक्टर पॅनलच्या मेनूतलं 'नो ब्रेक'. पन्नास जाहिराती असतील तर ग्रेप स्टाइल बनवायची, म्हणजे पाच आकडे, स्पेस, पाच आकडे असं काही दिसलं की नो ब्रेक आपोआप लागतो, एकदा बसून करायचं काम आहे पण रात्री अकराच्या फोनला तेच कामाला येतं. वेबपेजवर नंबर स्पॅन या एचटीएमएल टॅगमध्ये टाकून सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेसला नोरॅप, म्हणजे ओळ तोडू नको.

आता उत्साहात पत्त्यासकट सगळ्याला नो ब्रेक लावू नका, मी तेही करून झालोय. बांधलेला तुकडा कॉलमपेक्षा लांब झाला तर इनडिझाईन तो मजकूरच गायब करतं, फ्रेमच्या कोपऱ्यात लाल अधिक दिसतं फक्त, आणि वेबवर नोरॅपने तेच केलं तर मोबाईलवर पान आडवं सरकायला लागतं. फक्त नंबर बांधा, फार तर त्याच्या आधीचं 'मो.' सोबत, कारण ओळीच्या शेवटी एकटा 'मो.' लटकलेला पण वाईटच दिसतो.

यंदा काकूंची जाहिरात मी फुकट लावली, पानाच्या मधोमध, नंबर सगळ्यात मोठ्या टाइपात. सेक्रेटरी विचारतोय हिला एवढी जागा कशी काय.