तुम्ही विचारलंत म्हणून: खारवणात बंड का होत नाही?

माझ्या कथांमधल्या खारवण देशातले लोक बंड का करत नाहीत, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट उत्तर लिहून टाकावं म्हणते. कॉलेजातली मुलं जरा चिडून विचारतात. माझ्या वयाची माणसं हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारतात. आमच्या भाच्याने तर "मावशी, निदान एखादा वाडा तरी पेटव" अशी मागणीच केली आहे.

गोष्टी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. खारवण हा मी कल्पनेने रचलेला देश. समुद्रकाठचा, मिठागरांवर आणि जहाजांवर पोट भरणारा. तिथे राजा नाही. सतरा घराणी मिळून राज्य करतात. या घराण्यांतल्या पुरुषांची नावं 'थोरल्या वही'त असतात आणि वहीत नाव असेल त्यालाच बैठकीत बसता येतं. बैठक आपल्यातल्याच एका म्हाताऱ्याला नाईक म्हणून निवडते आणि एकदा निवडला की त्याला काहीही करू देत नाही. बाकीची जनता मीठ पिकवते, होड्या बांधते, हिशेब लिहिते, कर भरते. चार कथा झाल्या, पाचवी चालू आहे, आणि मिठागरातल्या कोणी अजून दगड उचललेला नाही.

तर उत्तर असं की खारवणात बंड होतं, पण ते वरचे लोक करतात. आणि ते मोडायला खालचे लोक धावतात. हे मी मनाने जुळवलेलं नाही. इटलीतलं व्हेनिस स्वतंत्र राज्य होतं तेव्हा तिथे असं झालेलं आहे.

व्हेनिस मी पाहिलेलं नाही. माझी नोकरी महसूल खात्यातली. तलाठी म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं फेरफार, वारसनोंदी आणि हरकती यांत गेली. सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नाव लागलं नाही म्हणून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत, हे इतकं बघितलंय की त्याचं आता काही वाटत नाही. त्यामुळे एका अख्ख्या देशाची सत्ता जवळजवळ पाचशे वर्षं वारसनोंदीवर चालली असं वाचनात आलं, तेव्हा मला कालव्यांपेक्षा आणि राजवाड्यांपेक्षा त्या नोंदवहीचंच जास्त आकर्षण वाटलं.

गोष्ट १२९७ ची. व्हेनिसचं राज्य चालवणाऱ्या महापरिषदेत तोवर वर्षावर्षाला माणसं निवडली जात. त्या साली ठरलं की गेल्या चार वर्षांत जे परिषदेत बसले होते त्यांचा हक्क पक्का, आणि नव्या माणसाला आत यायचं तर वेगळी परवानगी. इतिहासकार याला 'परिषद बंद झाली' असं म्हणतात. गंमत अशी की बंद झाल्यावर पुढच्या काही वर्षांत सभासद दुपटीहून जास्त वाढले. बाहेर ठेवले तर त्रास देतील अशा बहुतेकांना आधी आत घेतलं आणि मग दार लावलं. कचेरीत मी हुशार माणसं बरीच पाहिली, पण ही हुशारी निराळीच.

मग दाराला कड्या लागत गेल्या. १५०६ पासून घराण्यात मुलगा जन्मला की आठ दिवसांच्या आत वर्दी द्यायची. १५२६ पासून लग्नांचीही नोंद. बायको 'योग्य' कुळातली नसेल तर मुलाचं नाव लागत नसे. या नोंदींनाच पुढे 'सोनेरी पुस्तक' म्हणू लागले. खारवणातली थोरली वही ती हीच. मी फक्त पुठ्ठ्याचा रंग बदलला.

आता या लोकांना भीती कोणाची होती? माझे वाचक धरून चालतात की जनतेची. पण त्यांनी बांधलेली यंत्रणा पाहिली तर तसं दिसत नाही. ते घाबरत होते एकमेकांना. आपल्यातला एखादा राजा होऊन बसेल आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा, ही धास्ती. व्हेनिसच्या प्रमुखाला डोज म्हणत. त्याची निवडणूक १२६८ पासून कशी होत असे ते एकदा सांगतेच, कारण चौथ्या कथेतली नाईकाची निवड वाचून एकजण मला म्हणाले, "बाई, एवढं गुंतागुंतीचं कोणी करत नाही हो."

परिषदेतून चिठ्ठ्या काढून तीस जण. चिठ्ठ्यांनीच त्यातले नऊ ठेवायचे. त्या नऊंनी चाळीस निवडायचे. चाळिसांतून चिठ्ठीने बारा. बारांनी पंचवीस निवडायचे. त्यातून चिठ्ठीने नऊ. नऊंनी पंचेचाळीस. त्यातून चिठ्ठीने अकरा. अकरांनी एक्केचाळीस निवडायचे, आणि या एक्केचाळिसांनी डोज ठरवायचा. निदान पंचवीस मतं हवीत. चिठ्ठ्या म्हणजे खरं तर गोळ्या होत्या, आणि त्या काढायला रस्त्यात पहिला भेटेल तो पोरगा पकडून आणत. अशा खटाटोपात लाच नेमकी द्यायची कोणाला, हेच कळू नये. ही पद्धत शेवटच्या डोजपर्यंत, म्हणजे १७८९ पर्यंत चालली. मी खारवणासाठी तीन टप्पे गाळले. वाचकांच्या दयेपोटी.

आणि इतकं करून निवडलेल्या माणसाच्या हाती काय? परराज्यातून आलेलं पत्र एकट्याने फोडायचं नाही. राज्याबाहेर जमीनजुमला ठेवायचा नाही. पदावर बसताना लांबलचक शपथपत्र, आणि दर डोजच्या वेळी त्यात नवी कलमं. १५०१ पासून तर डोज मेला की त्याच्या कारभाराची तपासणी व्हायची आणि काही निघालं तर दंड वारसांकडून वसूल. मेलेल्या माणसाची खातेनिहाय चौकशी! आमच्या खात्यातही ती निवृत्तीनंतर काही वर्षांनी सुटते.

मरिनो फालिएरो या डोजला हे सोसेना. १३५५ साली, वय सत्तरीच्या आसपास असताना, त्याने कारखान्यातल्या आणि गोदीतल्या माणसांना हाताशी धरून सरदारांविरुद्ध, म्हणजे परिषदेतल्या घराण्यांविरुद्ध, कट केला. कट फुटला. १७ एप्रिलला त्याचं डोकं उडवलं. महापरिषदेच्या दालनात डोजांची चित्रं ओळीने आहेत. याच्या जागी काळा पडदा रंगवलाय आणि गुन्ह्यांसाठी शिरच्छेद झालेल्या फालिएरोची ही जागा, असं लिहून ठेवलंय.

त्याच्या आधी, १३१० च्या जूनमध्ये, बायामोंते तिएपोलो नावाच्या दुसऱ्या एका बड्या घराण्यातल्या माणसाने उठाव केला होता. तो माणसं घेऊन चौकाकडे निघाला. वाटेत एका बोळात वरच्या खिडकीतून एका म्हातारीने दगडी खल खाली टाकला. तो तिएपोलोच्या निशाणबरदाराच्या डोक्यात बसला, निशाण पडलं आणि उठावाची हवाच गेली. सरकारने म्हातारीला विचारलं, काय बक्षीस हवं? ती म्हणाली, सणाच्या दिवशी माझ्या खिडकीत राज्याचं निशाण लावू द्या, आणि घराचं भाडं कधी वाढवू नका. घर एका सरकारी देवस्थान-समितीच्या मालकीचं होतं, तेव्हा ते जमण्यासारखं होतं. सांगतात की दीडेकशे वर्षांनी कोणीतरी भाडं वाढवलं, तर तिचे वंशज तक्रार घेऊन उभे राहिले आणि जुनं भाडं कायम करून घेतलं.

तिसऱ्या कथेत वरून वरवंटा टाकणारी भागाबाई कित्येकांना फिल्मी वाटली. ती इथून आली आहे. आणि बंड का होत नाही याचं माझ्या मते सगळ्यांत चांगलं उत्तर तिच्या मागणीतच आहे. तिने परिषदेत जागा मागितली नाही. तिला तिएपोलो आणि बाकीचे सरदार यांत फारसा फरक दिसत नसणार. भाड्याचा मात्र दिसत होता.

व्हेनिसने असे छोटे छोटे हक्क पुष्कळ वाटून ठेवले होते. सरदारांच्या खालोखाल 'नागरिक' म्हणून एक वर्ग होता. त्यांना मत नव्हतं, पण दफ्तर त्यांच्या हाती. त्यातला सर्वांत वरचा अधिकारी, मुख्य कारभारी म्हणा, तहहयात पदावर असे. सरदारांची पदं काही महिन्यांनी, वर्षाने बदलत. हा मात्र कायम, आणि राज्याची सगळी गुपितं त्याला ठाऊक. धर्मादाय मंडळांची अध्यक्षपदंही नागरिकांसाठी राखीव. गोदीतल्या कामगारांचाही मान होता: डोजची गादी रिकामी असताना राजवाड्यावर पहारा त्यांचा, आणि नवा डोज निवडून आला की त्याला खांद्यावर घेऊन चौकात फिरवायचे तेच. धान्याचा साठा सरकार स्वतः सांभाळत असे. भूक आणि अपमान हे दोन्ही जिथे थोडे आवरलेले आहेत, तिथे वाडा पेटवायला माणसं जमवणं अवघड जातं. मला हे आवडतं असं नाही. पण कादंबरीत सोयीसाठी जनता पेटवून देणं मला त्याहून कमी आवडतं.

दहांची परिषद, तिचे हेर, निनावी तक्रारींच्या पेट्या, हेही होतंच. ती परिषद निघाली तिएपोलोच्या उठावानंतर, म्हणजे मुळात सरदारांवर डोळा ठेवायला.

"हे आपल्याकडचंच लिहिलंय ना, सरदार-वतनदार?" असंही विचारतात. थोडंसं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना लहानसे का होईना पण स्वतंत्र देशनायकच म्हटलंय, आणि त्यांना वाढूही देऊ नये, तोडूही नये अशी सावध शिकवण दिली आहे. खारवणातल्या घराण्यांचा ताठा आणि भांडणं मी तिथून घेतली. नारायणरावांच्या खुनानंतर सखारामबापू, नाना फडणीस वगैरे मंडळींनी चालवलेला बारभाईंचा कारभारही डोक्यात होता: १७७४ साली जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून आणवायची, आणि ती देणाऱ्या छत्रपतींच्या हाती स्वतःला सत्ता नाही. नाईकाची कल्पना डोजइतकीच साताऱ्याचीही आहे. पण बारभाईंना वही नव्हती. तो माणसांचा कारभार होता. त्यातला एकेक गळाला आणि शेवटी नानाच उरले. नाना १८०० मध्ये गेले, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. व्हेनिसमध्ये कोण गेला याने पाचशे वर्षांत फारसं अडलं नाही.

शेवटी अडलं ते नोंदीनेच. मालमत्ता फुटू नये म्हणून एका पिढीत बहुधा एकाच मुलाचं लग्न लावायचं, बाकीचे भाऊ बिनलग्नाचे. मुलींचा हुंडा परवडेना म्हणून त्यांना मठात धाडायचं. कितीतरी मुली अशा गेल्या, त्यांना कोणी विचारलंही नाही. (खारवणातल्या मुली कुठे जातात, हे मला आजवर एकाही पुरुष वाचकाने विचारलेलं नाही. बायका पहिल्यांदा तेच विचारतात. सहाव्या कथेत येईल.) पुस्तकात नवी घराणी घ्यायची नाहीत आणि जुनी वाढवायची नाहीत, म्हणजे सभासद घटणारच. क्रीटच्या लढाईत, १६४५ नंतर, खजिना आटला तेव्हा एक लाख डुकाट (तिथलं चलन) मोजणाऱ्याचं नाव पुस्तकात चढवू लागले. दुसरीकडे जुन्या घराण्यांतले कफल्लक झालेले सरदार सान बार्नाबाच्या वस्तीत सरकारी मदतीवर राहून आपली मतं विकत होते.

१२ मे १७९७ ला नेपोलियनच्या धाकाने महापरिषद बसली. सहाशेची गणसंख्या लागत होती, आले ५३७. तरीही ठराव झाला आणि परिषदेने स्वतःलाच बरखास्त केलं. बाहेर चौकात लोक जमले होते. ते काही सुटलो म्हणून नाचत नव्हते. सेंट मार्कच्या, म्हणजे जुन्या राज्याच्याच नावाने ओरडत होते. त्या दिवशी घरं लुटली गेली ती क्रांतीच्या बाजूचे समजल्या जाणाऱ्यांची.

हे वाचलं तेव्हा पाचव्या कथेचा आराखडा मी बदलला. लढाईने खारवणची तिजोरी रिकामी झाली आहे, सतरातली तीन घराणी निर्वंश झाली आहेत, आणि एक मीठ-व्यापारी वहीत नाव लावून घ्यायला पैसे घेऊन उभा आहे. बैठक तयार आहे. हरकत घेतली आहे वहीकाराने, ज्याचं स्वतःचं नाव वहीत कधीच लागणार नाही. त्याची सुनावणी मी सध्या लिहिते आहे आणि ती लांबत चालली आहे, कारण दोन्ही बाजूंचे कागद मला पटतात. किंमत मात्र ठरली: चाळीस हजार गोणी मीठ, पोच बंदरात.