चुंबकाची वही, नोंद तिसरी: खिळा सोडतो, सुई सोडत नाही

"मामा, सुईला अजून टाचणी चिकटते, मग खिळ्याला का नाही?" भाचीच्या या प्रश्नावर अख्खा आठवडा गेला. रविवारी दोन्हींवर जुन्या स्पीकरचं चुंबक एकाच दिशेनं तीस-तीस वेळा घासलं होतं. (परत येताना चुंबक उचलायचं. मागेपुढे घासलं की केलेलं पुसलं जातं.) बुधवारी सुई टाचणी उचलत होती, खिळा गार.

तिला सांगितलं ते असं. लोखंडात बारीक बारीक भाग असतात, प्रत्येक भाग म्हणजे एक छोटं चुंबक. एरवी त्यांची तोंडं भलतीकडे असतात. चुंबक घासलं की ती एकीकडे वळतात. खिळ्याचं लोखंड नरम, तिथे ती पटकन वळतात आणि तितकीच पटकन विस्कटतात. सुई पाणी दिलेल्या, म्हणजे लाल करून पटकन पाण्यात बुडवलेल्या पोलादाची. तिथे गर्दीच्या लोकलसारखं आहे: वळायला जोर लागतो, पण एकदा वळलात की परत फिरता येत नाही. सुई कायमचं चुंबक, खिळा तात्पुरतं.

मग खिळ्यावर २८ गेजच्या (म्हणजे बारीक) वार्निशच्या तारेचे (वार्निशमुळे वीज एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात जात नाही) १२० वेढे घातले आणि दीड व्होल्टचा एक सेल जोडला. १७ टाचण्या उचलल्या! पाच सेकंदांच्या वर जोडू नका, तार तापते. सेल काढला तेव्हा १४ पडल्या, ३ लटकून राहिल्या. मला त्या तीन टाचण्यांनीच झोपू दिलं नाही. बाजारातला खिळा थंड तार ओढून केलेला, म्हणून थोडा कडकच असतो. वेढे उतरवून खिळा कोळशाच्या शेगडीत लाल केला, राखेतच सकाळपर्यंत निवू दिला, म्हणजे तो नरम पडतो. मग वेढे परत घातले. आता सेल काढल्यावर एकच टाचणी राहते. १८२५ साली विल्यम स्टर्जननं पहिलं विद्युतचुंबक केलं तेव्हा नालेच्या आकाराचं नरम लोखंडच घेतलं होतं. वार्निश मात्र त्यानं तारेला नाही, लोखंडाला लावलं होतं.

सुईची उलटतपासणीही केली. गॅसवर लालभडक केली, चुंबकत्व गेलं. लोखंडाचं ते ७७० अंश सेल्सिअसला जातं. पुन्हा लाल करून पटकन पाण्यात बुडवली, घासली, तर पहिल्यासारखी धरून बसली. ती थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून पाणी भरलेल्या पितळी परातीत सोडली (चुंबक चिकटतं अशी स्टीलची नको, सुई तिकडेच ओढली जाते). भाचीनं तीनदा फिरवली. तिन्ही वेळा उत्तर-दक्षिण.