बर्कलीतली पार्किंगची जागा

पार्किंगवरून भांडणं पुण्यात रोज पाहिली होती. पण खुद्द नगर परिषदेनं युद्धविरोधकांना पार्किंगची जागा काढून दिली, हे मी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीतच पाहिलं.

गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा इथे शिकत होते. डाउनटाउनला बार्टमधून, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनमधून, उतरून वर आलं की जवळच शॅटक स्क्वेअरला अमेरिकी सैन्याच्या मरीन दलाचं भरती कार्यालय होतं. इराक युद्धाला पाच वर्षं होत आलेली. 'कोड पिंक' या युद्धविरोधी संघटनेच्या बायका गुलाबी कपड्यांत कार्यालयासमोर घोषणा देत असायच्या. जानेवारीच्या अखेरीस परिषदेनं ठराव केला : दर बुधवारी दुपारी चार तास दारासमोरची पार्किंगची जागा या बायकांची. वर मरीनना पत्र धाडायचं, की तुम्ही या गावाला नको आहात. राहिलात तर बिनबोलावलेले घुसखोर म्हणून राहाल.

झालं! देशभर बोंब उठली. वॉशिंग्टनमध्ये काही सेनेटरांनी बर्कलीचा केंद्रीय निधी काढून घ्यायचं विधेयक आणलं. त्यात शाळेतल्या मुलांच्या जेवणाचे पैसेही होते. आता पोरांच्या डब्याचा आणि इराकचा काय संबंध?

१२ फेब्रुवारीला परिषदेची बैठक होती. उजाडायच्या आधीपासूनच जुन्या सिटी हॉलसमोर दोन्ही बाजू जमल्या. एकीकडे गुलाबी गर्दी, दुसरीकडे सैन्याची बाजू घेणारे 'मूव्ह अमेरिका फॉरवर्ड'वाले मोठमोठे झेंडे घेऊन, मध्ये पोलीस. मी सहज बघायला गेले आणि फसले. मावशीनं साताऱ्याहून विणून पाठवलेला राणी रंगाचा स्वेटर अंगात होता! एका आजीबाईंनी लगेच मिठी मारून हातात फलक दिला. तो नीट धरतेय तोवर पलीकडून झेंडेवाला एक बाप्या खेकसला, "आधी आपल्या देशात जा!" त्याच्या शेजारच्या बाईच्या गळ्यात गणवेशातल्या मुलाचा फोटो होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाऊस आला तर भिजू नये म्हणून. ती ओरडत नव्हती. माझ्या हातातला फलक वाचत होती. मी तो हळूच खाली केला.

मधल्या सुट्टीत समोरच्या बर्कली हायस्कूलची पोरं आली आणि आवाज दुप्पट झाला.

युद्ध मलाही पटत नव्हतं. पण मी साताऱ्याची. तिथल्या 'आपशिंगे मिलिटरी' गावात घरटी फौजी, आमचे मामा तिथलेच, निवृत्त सुभेदार. 'घुसखोर' हा शब्द मला गिळवेना. युद्ध लादणारे वॉशिंग्टनमध्ये, आणि बोल खायचे कुणी, तर टेबलामागे बसलेल्या सार्जंटनं! परिषदेलाही बहुधा ते जाणवलं असावं. मध्यरात्र उलटून गेल्यावर ठरलं की पत्र पाठवायचं नाही. माफी मात्र मागितली नाही.

मामांना फोनवर सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तिथं मरीनला पगार किती गं?"

मला माहीत नव्हता. पुढच्या बुधवारी त्या दारावरून जाताना विचारावंसं वाटलं होतं. पण गुलाबी बायका समोर उभ्या होत्या, म्हणून करड्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून सरळ बार्टमध्ये उतरले.