वजन विचारता, मनही विचारा

सोमवार, रात्री

शनिवारनंतर थेट उद्या डायलिसिसचं मशीन. मंगळ-गुरु-शनी अशी पाळी असणाऱ्यांना हा मधला खंड फार जड जातो. अंगात पाणी साठतं, चपलेचा पट्टा पायात रुततो, झोपताना डोक्याखाली दोन उशा लागतात. त्यात मार्च महिना. नाशकात ऊन आत्ताच चटके द्यायला लागलंय आणि दिवसभराचं पाणी मोजून ठरलेलं. त्यात चहाही धरायचा, आमटीही आणि गोळीबरोबरचा घोटही. संध्याकाळी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसले. लेक म्हणाली, "आई, रडतेयस का गं?" रडत होते खरी. का, ते सांगता येईना.

डायलिसिसवरच्या माणसाची भूक जाते, झोप उडते, सारखा थकवा असतो. नैराश्यातही नेमकं हेच होतं. त्यामुळे सगळं किडनीच्या खात्यावर जातं. घरचे म्हणतात क्रिएटिनिन वाढलं असेल, आणि आपणही तेच धरून चालतो. डायलिसिसवरच्या साधारण चारातल्या एकाला नैराश्य असतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. म्हणजे आमच्या हॉलमध्येही कुणी ना कुणी असणारच. मशीनवर घेण्याआधी वजन करतात, बीपी बघतात, आज किती पाणी काढायचं ते ठरवतात. मन कसं आहे, हे मात्र कितीतरी महिने कुणी विचारलंच नव्हतं.

निफाडकडचे एक काका आमच्याच पाळीला असतात. द्राक्षाची बाग आहे. त्यांचा माल युरोपात जातो. द्राक्षातलं पोटॅशियम आमच्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्यांना स्वतःला मात्र मोजके मणी, आणि बेदाणे तर नाहीच. ऐन तोडणीच्या दिवसांत ते दोन पाळ्या आलेच नाहीत. मग धाप लागलेल्या अवस्थेत मुलांनी आणलं, तेव्हा जो तो त्यांनाच बोलला: "असं कसं करता काका, जिवाशी खेळ आहे हा." काका ऐकत राहिले. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आजूबाजूला शांत झालं तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, कामामुळं नाही राहिलो. यायचंच नव्हतं मला." पाळी चुकवणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. त्याचं मन थकलंय का, हे आधी बघायला हवं.

आणि ते "पॉझिटिव्ह राहा". हळदीकुंकवाला गेले की हमखास. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून घेतलेल्या हातात मी बांगड्या घालत नाही. आधी सगळ्यांची नजर त्या मोकळ्या मनगटाकडे जाते, मग हा सल्ला येतो. सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण त्यानंतर आपलं खरं काही बोलायची सोयच उरत नाही.

मला बोलतं केलं ते डॉक्टरांनी. राउंडला आले असताना स्टूल ओढून शेजारी बसले आणि विचारलं, "पूर्वी जे करायला आवडायचं, ते आता करावंसं वाटतं का?" मला गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदाकाठचा बुधवारचा बाजार आठवला. बुधवार तर माझा मोकळाच असतो, तरी कित्येक महिन्यांत तिकडे फिरकले नव्हते. पाय दुखतात म्हणून जात नाही, असंच मी समजत होते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. किडनीला चालेल अशी, कमी मात्रेची गोळी सुरू झाली. समुपदेशनही चालू आहे. डायलिसिस करून आल्यावर अजूनही गळून जाते, त्याला गोळी काही करत नाही. पण गेल्या बुधवारी यांच्या स्कूटरवर बसून गेले, मेथीच्या दोन जुड्यांसाठी घासाघीस केली. घरी येऊन भाजी शिजवली, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून पाणी फेकून दिलं, मग फोडणी घातली. चव निम्मी झाली, तरी पोटभर जेवले.

सातपूरच्या कंपनीतला एक मुलगा नुकताच आमच्या पाळीला आलाय. विशीतला असेल. चारही तास तोंडावर चादर ओढून पडलेला असतो. आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसते. टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिच्यासाठी कागदावर लिहून ठेवलाय. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लावता येतो. पोराला मात्र उद्या एवढंच विचारणार आहे, "आज यायचं मन होतं का रे?" नव्हतं म्हणाला तर ऐकून घेईन, समजावत बसणार नाही.