सूर्यफुलाचं बी म्हणजे खरं तर फळ

परवा लातूरला दुकानात सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांचं पाकीट दिसलं आणि एकदम औसा तालुक्यातलं आमचं रान आठवलं. फुलोऱ्यात आलं की माय एक दिवसाआड, सकाळी दव सुकलं की हाताला जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळून प्रत्येक फुलावर हलकेच फिरवायची, मी मागं मागं, आणि मला वाटायचं ही फुलं पुसतीय.

पुढं शिकताना कळलं की ती परागीभवन करत होती. आपण ज्याला एक फूल म्हणतो ना, ते एक नसतंच, त्या तबकात शेकडो, कधी हजारावर बारीक फुलं असतात. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे पण एकेक वेगळं फूलच, पण वांझ, त्यांना दाणा धरत नाही, त्या फक्त मधमाशांना बोलवायला. दाणे धरतात ते मधल्या बारीक फुलांना, आणि ती सगळी एकदम उमलत नाहीत, आधी कडेची मग रोज एक-दोन गोल आत आत सरकत आठ-दहा दिवसांत मधोमध पोचतात, म्हणून तर मायला परत परत जावं लागायचं! सूर्यफुलाला स्वतःच्याच परागावर दाणा नीट धरत नाही (जुन्या वाणांत तर जास्तच), मधमाशा कमी असल्या की तबकाच्या मधले दाणे पोचट. म्हणजे प्रत्येक बी हे एका फुलाचं फळ आहे, बाहेरचं काळं टरफल ही फळाची साल आणि आतला गर ते खरं बी.

मूळ झाड उत्तर अमेरिकेतलं, तिथले लोक चार हजार वर्षांपासून पेरतात. आपल्याकडं तेलासाठी मोठ्या प्रमाणात आलं ते १९७० च्या आसपास, रशियन वाणांमुळं. पण नात्यानं ते आपल्या करडईचं आणि कारळ्याचं भावंडच, एकच कुळ. गाजर गवतही त्याच कुळातलं, हे वाचून मी तर थक्क झाले.

आता खाण्याचं. १०० ग्रॅम गरात साधारण २० ग्रॅम प्रोटीन, ५० ग्रॅमच्या वर फॅट (बहुतेक चांगलं, असंपृक्त), ८-९ ग्रॅम फायबर, आणि ई जीवनसत्त्व ३५ मिलिग्रॅम, जे मोठ्या माणसाला दिवसाला १५ च्या आसपास लागतं, म्हणजे मूठभर, ३० ग्रॅम खाल्लं तरी दोन तृतीयांश मिळालं. मॅग्नेशियमही भरपूर. कॅलरी मात्र १०० ग्रॅमला ५८० च्या घरात, तेव्हा मूठभरच, आणि खारवलेलं नको.

आमच्या रानातलं कधी खाल्लं नाही कारण तेलाचा दाणा बारीक, टरफल सुटता सुटत नाही, खायचे वाण वेगळे, मोठ्या दाण्याचे. आणि एक कळकळीनं सांगते, पेरून उरलेलं बियाणं चुकूनही लेकरांच्या हाती देऊ नका, त्याला विषारी औषध लावलेलं असतं.

पाकीट आणलं, मंद भाजलं, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटलं आणि मायच्या भाकरीवर वाढलं. तिनं दोन घास खाल्ले, म्हणाली, "चव कारळ्याच्या चटणीवाणीच लागतीय की गं, पुढच्या बारीला अर्धं कारळं टाक."