इंदूरच्या बाजारात जुने राक्षस शोधताना

मुंबईहून रात्री निघालेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोहोचवते. पोहे-जिलबी निवांत खाऊन घ्यावी, कारण राणीपुऱ्याचा खेळण्यांचा बाजार अकराच्या आधी धड उघडत नाही. दुकानांपुढे टांगलेला सगळा माल नवा असतो. मला हवे असतात जुने राक्षस: कवटीच्या तोंडाचे, सुळेवाले, अंधारात चमकणारे सापळे, रबरी भुतं, चावीची पत्र्याची अक्राळविक्राळ जनावरं. त्यासाठी दुपारी जावं. भवानी व्हायच्या आत दुकानदाराला माळ्यावरची खोकी उतरवायला सांगितली तर तो नाहीच म्हणणार. गिऱ्हाईक ओसरल्यावर "भिया, पुराना डेड स्टॉक पड़ा है क्या?" एवढंच विचारायचं. 'अँटिक' हा शब्द मात्र तोंडातून काढू नये, भाव तिथल्या तिथे चढतो.

जुना माल बाहेर पडतो तो दिवाळीच्या साफसफाईत. त्या आठवड्यांत कबाड्याशी आधीच बोलून ठेवावं. इंदूरमध्ये कचऱ्याची गाडी रोज दारात येते आणि सुका कचरा वेगळा उचलून नेते. शहराच्या दृष्टीने हे उत्तमच, पण मोडकं बाहुलं एकदा त्या गाडीत पडलं की संपलं.

राजवाड्याच्या आसपास फिरायचं ते रंगपंचमीच्या आधी. गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, निघते त्या सुमारास भुताखेतांचे मुखवटे मिळतात. पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यावर दाबून काढलेले, मागे इलॅस्टिक लावलेले मुखवटे स्वस्त असतात आणि दुसऱ्या दिवशी फेकले जातात, म्हणूनच जुने फार कमी उरलेत. अख्खं डोकं झाकणारा रबरी मुखवटा घेताना कानाची कड अंगठ्याने हलकेच वाकवून बघावी. बारीक भेगांची जाळी दिसली तर तो घेऊ नये. हवेतल्या ओझोनने आणि उजेडाने रबर कडक होतं आणि मग ते परत मऊ होत नाही. तेल किंवा व्हॅसलीन चोळून तो तजेलदार केलेला असेल तर आणखी वाईट, कारण तेलाने रबर फुगतं आणि ढिलं पडतं. चांगल्या मुखवट्याला आतून टाल्कम पावडर लावावी, आकार टिकेल इतपत पॉलिएस्टरचा कापूस भरावा आणि तो अंधारात ठेवावा.

आपल्याकडे खऱ्या अर्थाने जपण्यासारखे राक्षस म्हणजे लिओ कंपनीने ८०च्या दशकात मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीच्या परवान्याने भारतात काढलेले 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'चे बाहुले. त्यातला कवटीच्या तोंडाचा खलनायक स्केलेटॉर हातात आला की आधी पाठ बघायची. तिथलं १९८१ हे साल वाचून लोक हुरळतात. ते कॉपीराइटचं साल आहे, बाहुला कधी बनला ते त्यावरून ठरत नाही. मूळ अमेरिकन बाहुलेसुद्धा १९८२ मध्ये बाजारात आले, तरी त्यांच्या पाठीवर १९८१च आहे. मग कंबर एका बाजूला पिळून सोडायची. आतली स्प्रिंग शाबूत असेल तर धड झटक्यात परत फिरतं; अर्ध्यात अडकलं तर स्प्रिंग गंजलेली किंवा सुटलेली. पाय लोंबत असतील तर त्यांना आतून ओढून धरणारं रबर मेलेलं आहे. हे रबर बदलता येतं, त्यामुळे एवढ्यासाठी बाहुला सोडू नये, भाव मात्र पाडून घ्यावा. डोकं मऊ पीव्हीसीचं आणि पोकळ असतं, ते मानेपाशी चिरतं. काढायचंच असेल तर आधी कोमट पाण्यात धरून मऊ करावं, थंड डोकं ओढलं की चीर पडलीच. छातीवरचं जांभळं चिलखत मागच्या पट्टीपाशी तुटतं आणि तलवार, दंड हे तर बहुतेक हरवलेलेच असतात. चिलखत नसलेल्या स्केलेटॉरला पूर्ण बाहुल्याचा भाव देऊ नये, मग दुकानदार इंटरनेटवरचा कुठलाही आकडा मोबाइलवर दाखवो.

अंधारात चमकणाऱ्या सापळ्याची परीक्षा सोपी आहे. दोन मिनिटं टॉर्च मारायची आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायचा. जुना रंग झिंक सल्फाइडचा, त्याची चमक साधारण अर्ध्या तासात मावळते. नव्या चमकत्या रंगातलं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट १९९३ नंतर आलं, ते तासन्‌तास उजळत राहतं. रात्रभर चमकणारा सापळा 'सत्तरच्या दशकातला' म्हणून कुणी विकत असेल तर सरळ पुढे जावं. उलटं मात्र धरू नये: चमक लवकर गेली म्हणजे माल जुना, असं नाही, कारण स्वस्त नव्या खेळण्यांतही झिंक सल्फाइड असतं.

मुक्कामी आल्यावर कुठलं प्लॅस्टिक आहे ते ठरवायचं. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात २०० मिलि पाण्यात विरघळवलेलं ४० ग्रॅम मीठ. सुटा हात किंवा शस्त्र, म्हणजे भरीव तुकडाच बुडवायचा, पोकळ तुकड्यातली हवा फसवते. साध्या पाण्यात तरंगला तर पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. साध्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात वर आला तर बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएस. दोन्हींत तळाला गेला तर बहुधा पीव्हीसी. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा. पत्र्याला, कागदी स्टिकरला आणि सेलच्या खेळण्याला पाणी लावायचं नाही.

हा खटाटोप अशासाठी की मऊ पीव्हीसीतला प्लॅस्टिसायझर, म्हणजे ते मऊ राहावं म्हणून घातलेला तेलकट पदार्थ, हळूहळू बाहेर येतो. त्यामुळे बाहुला चिकट होतो, आणि तो पॉलिस्टायरीनला टेकून राहिला तर तिथे खळगा पडतो. ऑरोरा या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये काढलेल्या फ्रँकेनस्टाइनसारखी जोडायची किट पॉलिस्टायरीनचीच. अशा किटशेजारी रबरासारखा मऊ राक्षस उभा केला की किटचं नुकसान ठरलेलं. चिकटपणा घालवायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. तो काही महिन्यांनी परत येतो, तेव्हा परत धुवायचं. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल यांना हात लावू नये, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं आणि रंगही उतरतो.

सेलच्या खेळण्याचं झाकण दुकानातच उघडून बघावं. अल्कलाइन सेल गळलेला असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पट्ट्या पुसायच्या, जुना साधा सेल असेल तर खाण्याच्या सोड्याने. पट्टी कुजून तुटलेली असेल तर नवी बसवावी लागते, तेवढं भावातून वजा करायचं.

परतीच्या गाडीसाठी बांधताना वर्तमानपत्र वापरू नये, शाई मऊ पीव्हीसीत उतरते आणि ती निघत नाही. प्रत्येक बाहुला पांढऱ्या टिश्यूत वेगळा गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा ठेवावा, रबरबँड लावू नये. चावीच्या खेळण्याची चावी पूर्ण उतरवून घ्यावी. खोकं खिडकीच्या उन्हात न ठेवता बर्थखाली सरकवायचं. घरी पोहोचल्यावर मात्र लगेच उघडायचं, बंद खोक्यात पीव्हीसी जास्तच घामेजतं.